वाकड्या पणत्या

दसरा उलटला की माझ्या तोंडाची चव जाते. मला काही झालेलं नसतं, घरातही सगळे धडधाकट असतात. सकाळी हवेत जरासा गारवा, दुपारी डोळे दिपवणारं ऊन, संध्याकाळी जिन्यात कुणाच्या तरी भाजणीचा वास. ज्या दिवसांची माणसं वर्षभर वाट बघतात, त्या दिवसांत मला घशाशी काहीतरी आल्यासारखं वाटत राहतं. कितीतरी वर्षं मी त्याला पित्त म्हणत होते. आवळकाठी, कोकम, सगळं करून झालं. ते पित्त नाही.

परवा मुलगी ऑफिसमधून आली. आम्ही वाघोलीला राहतो, तिची कंपनी जवळच आहे. पाठीवरची बॅग सोफ्यावर टाकून तिने एक शुभेच्छापत्र टेबलावर ठेवलं.

"आई, बघ किती गोड आहे. स्पेशल मुलांनी केलंय. आमच्याकडे सगळ्यांना दिलं."

जाडसर हातकागद, कडेने सोनेरी फॉइलची किनार, मधे जलरंगातली पणती. पणती वाकडी होती. ज्योत पणतीबाहेर कलंडलेली, खाली रंगाचा एक ओघळ, कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा. मी ते खिडकीपाशी नेलं. पणतीमागचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, एकसारखा उतरला होता, कुठे पाण्याचा डाग नाही, केशरी बरोबर जिथे विरायला हवा तिथे पिवळ्यात विरलेला. असा वॉश देणाऱ्या हाताकडून पणती वाकडी पडत नाही. पाडावी लागते.

माझा संशय खोटाही असेल. एखादं मूल खरंच असं रंगवत असेल, आणि तसं असेल तर मी त्याचा अपमान करते आहे. पण तसं निर्मळ मनाने बघण्याची सोय मी स्वतःच घालवून बसले आहे. "छान आहे," एवढं मुलीला म्हटलं आणि बेसिनपाशी जाऊन चूळ भरली.

कारण अशा पणत्या मी पाडलेल्या आहेत. एका दिवाळीआधीचे दोन महिने, रोज, दिवसभर.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. चित्रकला शिक्षकाची पदविका घेऊन अकोल्याहून पुण्यात आले होते आणि कुठल्या तरी शाळेत जागा निघेल म्हणून थांबले होते. धायरीत एक खोली घेतली होती. धायरी तेव्हा पुरती पुण्यात आलेली नव्हती. बसमधून उतरलं की एका हाताला नव्या इमारतींचे नुसते खांब उभे आणि दुसऱ्या हाताला गोठा. शहरात मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर. रोज एखादी नवी कंपनी, तिची काचेची इमारत, त्या इमारतीत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माझ्याच वयाची मुलं. या मुलांना दिवाळीत काहीतरी द्यायचं असतं, परदेशातल्या गिऱ्हाइकांना काहीतरी पाठवायचं असतं. मिठाई टिकत नाही. शुभेच्छापत्रं टिकतात.

वंदनाताईंचं काम कोथरूडमध्ये त्यांच्या बंगल्याच्या गॅरेजात चालायचं. पन्नाशीच्या बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज इतका मऊ की रागावल्या तरी समजूत घालताहेत असं वाटावं. एका मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत त्या दर शनिवारी शुभेच्छापत्रं करायला शिकवत. पहिली दोन-तीन वर्षं सगळी पत्रं मुलांनीच केलेली होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे. सुरुवात खोटी नव्हती. पण एका कंपनीने घेतली, ती दुसरीने पाहिली, आणि मागणी मुलांच्या हातांना झेपेना. मुलांना शाळा होती, सहामाही परीक्षा होती. म्हणून ताईंनी कातरकामाला दोन बायका ठेवल्या, रंगवायला मला घेतलं आणि मशीनवर नाना आले.

नाना पूर्वी लग्नपत्रिकांच्या छापखान्यात होते. हातदाबाचं मशीन चालवत. तापलेल्या पितळी डायवर, म्हणजे ठशावर, फॉइलची रीळ यायची, खाली कागद सरकवायचा, दांडा ओढायचा, की कागदावर सोन्याची कोयरी उमटायची. प्रत्येक दाबाला जळक्या प्लॅस्टिकचा एक फुसका वास. तो वास आधी नाकात, मग केसांत, मग पोळीत. हातकागद चिंध्यांपासून होतो; वॉशसाठी तो ओला केला की कुठल्या तरी परक्या माणसाच्या न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास सुटायचा. बोटांवर डिंकाची साय धरायची, ती दुपारी डबा उघडण्याआधी खरवडून काढावी लागे. तरी एकदा मेथीच्या भाजीत सोनेरी कण चमकला होता. मी तो घास गिळला. दातांखाली काहीच आलं नाही, आणि तेच जास्त किळसवाणं होतं.

"पोरी, केसात सोनं हाय की तुझ्या," घरमालकीण ओट्यावर बसून म्हणायची. मी कितीही झटकलं तरी ते निघायचं नाही. उशीवर, बादलीत, टॉवेलवर चकाकत राहायचं.

पण पहिले काही दिवस मी खूश होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. महाविद्यालय सुटल्यापासून कुणी मला नुसतं रंगवायला बसवलं नव्हतं. मी मनापासून पणत्या काढल्या. सहा नंबरच्या ब्रशने एका दमात पणतीचा काठ, ओल्या रंगात ओला रंग मिसळून ज्योत, आणि ज्योतीच्या मधोमध कोरा सोडलेला कागद, तोच उजेड. वंदनाताई मागे उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "शैलजा, तुझ्या हातात देव आहे गं." मी ते वाक्य त्या दिवशी बसमध्ये पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं.

मग एका कंपनीची मुलगी नमुने बघायला आली. माझ्याच वयाची, हसरी, कुठेही दुष्ट नाही. तिने माझ्या पणत्या एकेक करून पाहिल्या आणि जरा अवघडून म्हणाली, "मॅम, सुंदर आहेत. पण खूप प्रोफेशनल वाटतात. म्हणजे दुकानातून घेतल्यासारख्या. आम्हाला थोडं, कसं सांगू, इनोसंट हवंय. त्या मुलांनी केलंय हे दिसायला पाहिजे ना."

ती गेल्यावर ताई माझ्याशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"डाव्या हाताने काढून बघ."

"ताई, ती मुलं ऐकू न येणारी आहेत. त्यांचे हात चांगले आहेत."

"मला नको सांगूस. मी पाहिलंय त्यांचं काम. पण घेणाऱ्याला ते समजत नाही. त्याला वाकडं दिसलं की बरं वाटतं."

मशीनवरून नाना म्हणाले, "कान ऐकत नाहीत म्हणून हात वाकडा. नवीनच वैद्यक आहे."

"नाना, आपण आपलं काम करावं," ताई म्हणाल्या.

"करतोच आहे. दाबतोच आहे," नाना म्हणाले आणि त्यांनी दांडा ओढला.

डाव्या हाताने मी काढू लागले. आठवड्याभरात डावाही सुधारायला लागला, तेव्हा ताईंनी सांगितलं, ज्योत जराशी बाहेर काढ, एखादा ओघळ येऊ दे, कोपऱ्यात अंगठा उमटव. मी तेही शिकले. वाकडं कसं दिसावं याचे माझे अंदाज बसले. फार वाकडं झालं तर बघणाऱ्याला अस्वस्थ वाटतं, थोडं वाकडं झालं तर लाड करावेसे वाटतात. या दोहोंच्या बरोबर मधे कुठे थांबायचं ते मला समजू लागलं, आणि ते समजतंय याची मला शिसारी येऊ लागली. स्वतःच्या हाताची. आंघोळीच्या वेळी तो हात अंगाला लागला तरी नकोसा वाटायचा.

पत्राच्या मागे नाव लिहायचं असे. "रेणू, वय १४." ताईंनी शाळेतल्या पाच-सहा मुलांची नावं दिली होती, त्यांतलं हे सगळ्यांत जास्त चालायचं, कारण ते लहान होतं, गोड होतं. अक्षरही मोडकं काढायचं. र ला लांब शेपूट, ण चा पाय तुटका. शेकडो वेळा मी ते नाव लिहिलं. लिहिता लिहिता माझ्या डोक्यात एक रेणू तयार झाली होती, तेल न लावलेल्या केसांची, नाक गळणारी, सगळ्यांकडे आशेने बघणारी. गंमत बघा, मी लोकांना फसवत होते आणि फसवण्यासाठी जे बनवलं होतं त्याच्यावर माझाच विश्वास बसत चालला होता. मला तिची कीव यायची.

कीव ही आयती मिळणारी गोष्ट आहे. ती यायला समोरच्या माणसाची ओळख लागत नाही, उलट ओळख झाली की ती पळते. आजही कुणी गहिवरून काही विकत घेताना दिसलं की मला त्या माणसाचा राग येत नाही, किळस येते. आणि लगेच आठवतं की त्या गहिवराला हवा तसा माल मी पुरवला होता.

दिवाळीला पंधरा-सोळा दिवस असताना त्याच कंपनीने त्यांच्या इमारतीत टेबल मांडायला बोलावलं. "मुलांपैकी कुणी येऊन बसलं तर फार छान," असा निरोप होता. मी आणि ताई सकाळीच पोचलो. खालच्या दालनात गार हवा, गुळगुळीत फरशी, कुठेही कसलाच वास नाही. माझ्या अंगाला येणारा डिंकाचा वास तेवढा मला येत होता.

अकराच्या सुमारास शाळेतल्या देशमाने बाई एका मुलीला घेऊन आल्या. उंच मुलगी, निळा गणवेश, दोन घट्ट वेण्या, खांद्याला पिशवी. सोळा वर्षांची तरी असेल.

"ही रेणू," बाई म्हणाल्या.

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या डोक्यातली रेणू तिच्यासमोर एका क्षणात मेली.

तिने टेबलावरचं एक पत्र उचललं. पणती पाहिली, उलटं केलं, मागचं नाव वाचलं. मग दुसरं उचललं, तिसरं उचललं. सगळ्यांच्या मागे तीच. तिने पिशवीतून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि वही माझ्यासमोर धरली. रेखीव, टपोरं अक्षर होतं.

"हे कोणी काढलं?"

मी मान हलवली. माहीत नाही.

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. डाव्या हाताच्या नखांमध्ये केशरी रंग वाळलेला होता. तिने तो पाहिला हे मला दिसलं, आणि मी पाहिलं हे तिला दिसलं. तिने पुन्हा वहीत लिहिलं.

"माझा र असा नसतो."

मी पाकिटं सारखी करत उभी राहिले.

लोक जमले होते. ताईंनी रेणूपुढे कोरा कागद आणि रंग ठेवले. तिने बाही मागे सारली आणि काढायला बसली. पणती नव्हतीच ती. अंगणातल्या तुळशीपुढे वाकलेली एक बाई, हातात काडेपेटी, आणि अजून न पेटलेला दिवा. चार फटकाऱ्यांत पाठीचा बाक, एका फटकाऱ्यात पदर. मी दोन वर्षं पदविका केली, मला तो पदर जमला नसता. मला एक क्षण सगळं विसरून नुसतं बघावंसं वाटलं.

"हे मॅडमनी शिकवून घेतलं असणार," मागून कुणीतरी म्हणालं. दोघे जण घड्याळ बघून निघून गेले. ती हसरी मुलगी वंदनाताईंच्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅम, तिला ते आधीचं, क्यूट वालं काढायला सांगा ना."

ताई रेणूच्या मागे गेल्या. तिच्यासमोर नवा कागद ठेवला. तिचं मनगट आपल्या हातात धरलं, जसं पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेताना धरतात, आणि त्या हाताने एक वाकडी पणती काढून घेतली. ओघळासकट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत होत्या. रेणूला टाळ्या ऐकू आल्या नाहीत, पण हलणारे हात तिने पाहिले. तिचा हात ताईंच्या हातात मेल्यासारखा पडला होता.

त्या तासाभरात सगळी पत्रं संपली.

परतताना रिक्षात मी ताईंना म्हटलं, "निदान नाव तरी नको लिहायला."

त्या बाहेर बघत होत्या. "नावामुळेच घेतात, शैलजा. त्या शाळेच्या वर्गांत यंदा पंखे लागले. ते कशामुळे लागले? तुझ्या स्वच्छ मनामुळे?"

याचं उत्तर मला आजही पूर्ण सुचलेलं नाही. पंखे खरे होते, उकाड्यात त्यांच्याखाली बसणारी मुलं खरी होती. पण ज्या मुलीला पंख्याचा वारा दिला तिचा हात पिरगळला, हेही तितकंच खरं होतं. वंदनाताई वाईट नव्हत्या. त्या वाईट असत्या तर मला ती दिवाळी कधीच विसरता आली असती.

मी त्याच दिवशी काम सोडलं, असं लिहायला मला आवडलं असतं. सोडलं नाही. घरी परत जायचं नव्हतं, आणि हातात घेतलेली मागणी पुरी करायची असते असं मी स्वतःला सांगितलं. पुढचे दहा-बारा दिवस मी वाकड्या पणत्या काढत राहिले आणि मागे तेच नाव लिहीत राहिले. एवढाच फरक की आता लिहिताना मला समोर वही धरलेली दिसायची. नाना एकदा डबा खाताना म्हणाले, "बाई, तुम्ही जेवत नाही आजकाल." मी म्हटलं, वासाने जेवण जात नाही. "वास मशीनचा आहे का?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ताक प्यायले.

वसुबारसेला शेवटचा गठ्ठा गेला. मी पुन्हा त्या गॅरेजात पाऊल टाकलं नाही. पुढे ताईंचा तो व्यवसाय आपोआपच बसला. लोक कॉम्प्युटरवरून हलणाऱ्या पणत्या एकमेकांना पाठवू लागले; त्या कुणी काढल्या असं विचारायची वेळच येत नव्हती. मला एका शाळेत जागा मिळाली. तिथे मी बरीच वर्षं मुलांना सरळ रेषा शिकवली, आणि एखाद्या मुलाची रेषा खरोखर वाकडी आली की तिला हात लावायचा धीर मला कधीच झाला नाही.

पण त्याआधी, दिवाळीची सुटी संपून शाळा उघडल्या त्या आठवड्यात, मी त्या मूकबधिर शाळेत गेले होते. दुपार होती. देशमाने बाईंना मी व्हरांड्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"आम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आमची चूक तुमच्याहून मोठी आहे. मी रेणूशी बोलले आहे. तुमचं तुम्ही बोला."

रेणू आली. मला पाहून तिचा चेहरा बदलला नाही. मी बाईंकडे वळून म्हटलं, "तिला सांगा, माझं चुकलं. मी तिच्याशी खोटं बोलले."

रेणूने बाईंच्या बाहीला हात लावला आणि भराभर काही खुणा केल्या. बाई मला म्हणाल्या, "ती विचारते आहे, चूक माझ्या बाबतीत केली, मग सांगतेस बाईंकडे बघून कशी?"

बाईंनी मला त्यांच्याकडची माफीची खूण दाखवली. उजव्या हाताची मूठ छातीवर ठेवायची आणि सावकाश एक गोल फिरवायचा. मी रेणूकडे तोंड केलं, मूठ छातीवर ठेवली आणि गोल फिरवला. तिने नाही म्हणून मान हलवली. मी पुन्हा केलं. पुन्हा नाही. मला वाटलं माझी मूठ चुकते आहे, म्हणून मी बाईंकडे पाहिलं.

"मूठ बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही हसताय."

मी हसत होते. मला पत्ताच नव्हता. अवघडलं की आपण हसतो तसं, समोरच्याने फार मनावर घेऊ नये म्हणून पुढे केलेलं हसू.

"आमच्याकडे चेहऱ्यानेही बोलतात," बाई म्हणाल्या. "हात माफी मागतोय आणि तोंड हसतंय. तिला ती थट्टा दिसते."

रेणू पुढे आली. तिने दोन बोटं माझ्या ओठांच्या कोपऱ्यांवर ठेवली आणि ते खाली आणले. राग नव्हता त्या बोटांत, मायाही नव्हती. लहान मुलाची पेन्सिल नीट धरवावी तितपतच काळजी होती. मग तिने माझी मूठ धरून छातीवर ठेवली आणि मागे सरून उभी राहिली. मी गोल फिरवला. तिने पुन्हा करायला लावला. मला रडू येत होतं, पण रडले असते तर तिने तेही पुसून पुन्हा करायला सांगितलं असतं, असं वाटून मी रडले नाही. चौथ्या की पाचव्या वेळी तिने होय म्हणून मान हलवली. माफ केलं, अशी नव्हती ती मान. आता वाचता येतंय, एवढंच ती सांगत होती.

भिंतीवरचा दिवा दोनदा लागून विझला. तास संपल्याची ती त्यांची खूण. रेणूने खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि ती वर्गात गेली.